‘किमान’ हा शब्द गळाला कुठे?

मी अनुवाद केलेल्या एका पुस्तकाबद्दल प्रकाशकांकडे एक पत्र आलं आणि त्यांनी ते माझ्याकडे पाठवून दिलं. जेमतेम सहा ओळींचं पत्र. लिहिणाऱ्या बाईंनी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पहाटे उठून चालायला जायचा नेम धरला होता. २१ दिवस एकही खाडा केला नाही. बाविसाव्या दिवशी मात्र अंथरुणातून उठवेना. तेविसाव्या दिवशीही तेच. ‘पुस्तकात लिहिलंय की २१ दिवसांत सवय लागते. मला लागली नाही. माझं काय चुकलं एवढं सांगाल का?’

पुस्तकाचं काही चुकलं असेल, अशी शंका त्या सहा ओळींत कुठेही नव्हती. मी मूळ पुस्तक काढून ते पान शोधलं. प्रकरणाच्या शीर्षकात आणि मलपृष्ठावर नुसतेच २१ दिवस होते, पण आत एका वाक्यात ‘किमान’ अशा अर्थाचा शब्द होता. माझ्या अनुवादात तो नव्हता. वाक्य सुटसुटीत व्हावं म्हणून मीच तो काढला होता. संपादनात तो कुणाला खटकला नाही, प्रुफं तपासतानाही नाही. खटकणार कसा? त्याच्यावाचून वाक्य जास्त चांगलं वाटत होतं.

हा २१ चा आकडा आला कुठून, ते सांगण्यासारखं आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला काही काळ जावा लागतो, हे त्यांनी आपल्या रुग्णांत पाहिलं होतं. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसालाही तो अवयव अजून जागेवर असल्याचा भास काही दिवस होत राहतो. १९६० साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की मनातली अशी प्रतिमा बदलायला साधारणपणे किमान सुमारे २१ दिवस लागतात. म्हणजे हे एका डॉक्टरचं आपल्या रुग्णांविषयीचं निरीक्षण होतं. ते नव्या चेहऱ्याची सवय होण्याबद्दल होतं, पहाटे उठण्याबद्दल नव्हतं. आणि त्यात ‘साधारणपणे’, ‘किमान’ आणि ‘सुमारे’ असे तीन शब्द आवर्जून घातलेले होते. पुढच्या लेखकांनी, वक्त्यांनी आणि माझ्यासारख्या अनुवादकांनी ते एकेक करत काढून टाकले. उरला तो फक्त आकडा.

सवय लागायला खरंच किती दिवस लागतात, हे फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये मोजून पाहिलं. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी स्वतःच्या पसंतीची एकेक साधी गोष्ट निवडली, कुणी जेवताना पेलाभर पाणी पिण्याची, कुणी जेवणाआधी पंधरा मिनिटं धावण्याची, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबानं ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त. माणसामाणसातला फरक मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्यातही २५४ हा आकडा गणितानं पुढे ताणून काढलेला आहे, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. शिवाय ज्यांच्या नोंदी त्या गणिती वक्ररेषेत नीट बसल्या असे लोक होते फक्त ३९. पाण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि त्या बाईंना जे कळायला हवं होतं ते याच अभ्यासात होतं: मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात फारसं काही बिघडत नाही.

आता नव्या पुस्तकांत ६६ दिवसांचा मंत्र छापून येऊ लागला आहे. तोसुद्धा ३९ माणसांवरून, आणि तोसुद्धा ‘मध्यम’ हा शब्द वगळून.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. जे पुस्तक माणसाला स्वतःला बदलायला सांगतं, त्यानं स्वतः बदलायची तयारी ठेवायला हवी. आपण काय, कशाच्या आधारावर, कुणाबद्दल सांगतो आहोत हे त्यानं लिहायला हवं. चूक निघाली तर ती दुरुस्त करण्याची सोय त्यात हवी, आणि शेवटचं कधी तपासून पाहिलं त्याची तारीख हवी. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद असतो, त्यावर मजकूर शेवटचा कधी सुधारला त्याची तारीख असते. तेच औषध घ्यावं की बंद करावं याबद्दल ठामपणे सांगणाऱ्या पुस्तकावर मात्र ती नसते. हे मला मान्य नाही.

या प्रकारच्या पुस्तकांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही, हे इथेच सांगायला हवं. साहित्याच्या पंगतीत या पुस्तकांना पाटही मिळत नाही, आणि ती वाचणाऱ्याला भोळा समजण्याची रीत पडली आहे. मला ती रीत क्रूर वाटते. या पुस्तकांचा उगम कुठे आहे ते पाहा. १८४५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात सॅम्युएल स्माइल्स यांना काही तरुण कामगारांनी बोलायला बोलावलं. सुरुवातीला दोघे-तिघेच हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमायचे आणि ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला शिकवायचा, वाचन, लेखन, हिशेब. बघता बघता शंभरेक जण झाले. जागा पुरेना म्हणून त्यांनी एक मळकट खोली भाड्यानं घेतली. ती पूर्वी कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी तात्पुरतं रुग्णालय म्हणून वापरलेली होती, म्हणून दुसरं कुणी ती घेत नव्हतं. त्या खोलीत दिलेल्या भाषणांमधून १८५९ मध्ये ‘सेल्फ हेल्प’ हे पुस्तक झालं, आणि पुढे या सगळ्या प्रकारालाच त्याचं नाव मिळालं. ज्यांना शाळा मिळाली नाही, ज्यांना विचारायला कुणी नव्हतं, अशा माणसांसाठी ते पुस्तक होतं. आजही चित्र फार वेगळं नाही. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात, वरिष्ठांना विचारायची सोय नसते, घरात बोलायची हिंमत होत नाही. अशा वेळी माणूस पुस्तक उघडतो. म्हणूनच त्याच्याशी खोटं बोलणं हा जास्त मोठा गुन्हा आहे.

खोटं मुद्दाम बोललं जातं असंही नाही. सर्वांत भयंकर उदाहरण तर पूर्णपणे सद्हेतूचं आहे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बाळाच्या संगोपनावरचं पुस्तक १९४६ साली आलं आणि जगभरात त्याच्या पाच कोटींच्या घरात प्रती गेल्या. घाबरलेल्या नव्या आईबापांना धीर देणारं, प्रेमळ आवाजातलं पुस्तक. १९५० च्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यात सल्ला आला की बाळाला पालथं झोपवावं. कारणही दिलं होतं: उताणं झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकू शकते, शिवाय डोकं एकाच बाजूला राहून चपटं होतं. कुणालाही पटावं असं कारण. त्या काळातली इतर पुस्तकं आणि अनेक डॉक्टर तेच सांगत होते.

हा तर्क कुणी पडताळून पाहिला नव्हता. पालथं झोपणाऱ्या बाळांत झोपेतच अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण जास्त आहे, याचा पुरावा १९७० पर्यंत हाती आलेला होता, पण तो विखुरलेला होता आणि कुणी एकत्र मांडला नाही. उताणं झोपवा, असं सांगणारी मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली, आणि दोन्हीकडे पुढच्या दशकभरात हे मृत्यू निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास आणि जुनी सगळी पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून हिशेब मांडला. १९७० मध्येच पुरावा पद्धतशीरपणे तपासला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून निदान ५०,००० बाळं वाचू शकली असती. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पुढे काम करू शकलो नाही. ज्या आईनं पुस्तक उघडून, बोट ठेवून ती ओळ वाचली आणि बाळाला अलगद पालथं केलं, तिनं काय चूक केली होती? तिनं विश्वास ठेवला, इतकंच.

अशा पुस्तकांच्या श्रेयनामावलीच्या पानावर, अगदी खाली, सर्वांत बारीक टायपात एक परिच्छेद असतो. ‘या पुस्तकातील माहिती वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. तिच्या वापरातून होणाऱ्या परिणामांस लेखक व प्रकाशक जबाबदार नाहीत.’ हा परिच्छेद मी इतक्यांदा अनुवादित केला आहे की तो मला पाठ आहे. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत ‘आयुष्य बदलून टाकणारं पुस्तक’ आणि आत सहा पॉइंटात हात वर. वाचकाला हे बहुधा माहीत नसतं की पुस्तकातली विधानं तपासणं हे प्रकाशकाचं काम करारात धरलेलंच नसतं. मजकूर खरा आहे याची हमी लेखक देतो, आणि विषय मिटतो. वर्तमानपत्रात निदान चूकदुरुस्ती छापतात. पुस्तकाची दुसरी, पाचवी, विसावी ‘आवृत्ती’ निघते, पण बहुतेक वेळा ते नुसतं पुनर्मुद्रण असतं. जुनीच पानं, नवा आकडा.

शब्द कसे गळतात याचाही अभ्यास झालेला आहे. कार्डिफच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनच्या २० विद्यापीठांनी आरोग्यविषयक संशोधनावर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. मूळ शोधनिबंधात होता त्यापेक्षा जास्त ठाम सल्ला ४० टक्के पत्रकांत होता. जिथे निबंधात फक्त संबंध दिसला होता तिथे ‘यामुळे हे होतं’ असं ३३ टक्के पत्रकांत म्हटलं होतं. प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसाला लावण्याचं प्रमाण ३६ टक्के होतं. ही गळती वर्तमानपत्रापर्यंत पोचण्याआधीची, विद्यापीठाच्या दारातलीच. तिथून पुढे बातमी, बातमीतून पुस्तक, पुस्तकातून मलपृष्ठ, आणि शेवटी अनुवाद. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी वाक्य ‘सुटसुटीत’ करतं. ‘कदाचित’, ‘काही जणांत’, ‘अल्प काळापुरतं’ हे शब्द वाक्याला जड करतात हे खरं आहे. पण वाक्याचा खरेपणाही त्याच शब्दांवर तोललेला असतो. भाषांतरात क्रियापदाचं ‘होऊ शकतं’चं ‘होतं’ केलं की तीन अक्षरं वाचतात आणि वाचकाच्या गळ्यात एक खात्री पडते जी कुणी कधी दिलेलीच नव्हती.

नेतृत्वाच्या पुस्तकांत दोष वेगळा आहे, आणि मला वाटतं तो जास्त खोल आहे. तिथे आकडा चुकत नाही, पाहण्याची दिशाच चुकते. रीत अशी की यशस्वी कंपन्या निवडायच्या, त्यांच्या प्रमुखांना आणि कर्मचाऱ्यांना भेटायचं, आणि सगळ्यांत सारखं काय ते शोधायचं. १९८२ साली टॉम पीटर्स आणि रॉबर्ट वॉटरमन यांनी अशा ४३ उत्कृष्ट कंपन्यांवर पुस्तक लिहिलं. दोनच वर्षांत ‘बिझनेसवीक’नं मुखपृष्ठावर बातमी केली की त्यातल्या बऱ्याच कंपन्या अडचणीत आहेत. २००१ मध्ये जिम कॉलिन्स यांनी १,४३५ कंपन्यांतून ११ निवडल्या, बरोबरीच्या सामान्य कंपन्यांशी त्यांची तुलनाही केली, म्हणजे काम जास्त काळजीनं केलं होतं. तरी त्या ११ पैकी सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी फॅनी मे सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

कंपन्या बुडतात, त्यात नवल नाही. आपण पाहिलेलं ‘कारण’ हे कारण होतं की यशाची सावली होती, हा खरा प्रश्न. बॅरी स्टॉ यांनी १९७५ मध्ये केलेला प्रयोग मला या सगळ्या वाङ्मयाची गुरुकिल्ली वाटतो. विद्यार्थ्यांचे छोटे गट केले. एका कंपनीची मागच्या वर्षांची आकडेवारी देऊन पुढची विक्री आणि नफा किती होईल याचा अंदाज करायला सांगितलं. काम झाल्यावर काही गटांना सांगितलं, तुमचा अंदाज फार चांगला आला. काहींना सांगितलं, वाईट आला. हे पूर्णपणे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं होतं, खऱ्या कामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मग विचारलं, तुमच्या गटात कसं वातावरण होतं? ‘चांगलं काम केलेल्या’ गटांनी सांगितलं की आमच्यात एकजूट होती, संवाद मोकळा होता, सगळे उत्साहानं काम करत होते. ‘वाईट काम केलेल्यां’ना त्याच खोलीतल्या त्याच तासाभरात यातलं काही फारसं दिसलं नव्हतं.

माणसं खोटं बोलत नव्हती. निकाल कळल्यावर आठवणच तशी रंगते. यशस्वी माणसाचा हट्ट ‘निर्धार’ ठरतो, फसलेल्याचा तोच निर्धार ‘हट्ट’ ठरतो. मग विजेत्यांच्या मुलाखतींवर उभारलेल्या पुस्तकातून आपण नेमकं काय शिकतो? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, आणि ती बरोबर असते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं आणि संस्था तशी शिजत नाहीत. त्यातही इथे आपण फक्त वर आलेली शितं उचलतो. सिसेरोनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली एक गोष्ट आहे. डायागोरास नावाच्या नास्तिकाला देवळातली चित्रं दाखवून मित्र म्हणाला, नवस बोलून वादळातून वाचलेल्या किती लोकांची ही चित्रं आहेत बघ. डायागोरास म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच लावलेली नाहीत. नेतृत्वावरचं नवं पुस्तक हाती आलं की मी आधी बुडालेल्यांचं प्रकरण शोधतो. तीच जोखीम घेऊन, त्याच शिस्तीनं वागून जे बुडाले त्यांच्याबद्दल काही आहे का? बहुधा नसतं.

कामाबद्दलच्या पुस्तकांविषयी माझी तक्रार सर्वांत तीव्र आहे, कारण तिथे चुकीचा भार थेट थकलेल्या माणसावर पडतो. ब्रिटिश सरकारी नोकरांवर १९६७ पासून केलेल्या व्हाइटहॉल अभ्यासात १७,००० हून अधिक पुरुषांचा माग ठेवला गेला. सगळ्यांना पक्की नोकरी होती, कार्यालयातलं काम होतं, उपासमार कुणाचीच नव्हती. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असा सगळा हिशेब केला तरी त्यातून निम्म्याहून कमी फरकाचा उलगडा झाला. मायकल मार्मट आणि त्यांचे सहकारी पुढच्या अभ्यासातून ज्या गोष्टीपाशी पोचले ती अशी: काम कसं आणि कधी करायचं यावर ज्याचा ताबा नसतो, त्याच्या हृदयाला धोका जास्त. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेला हिशेबही आहे: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त, आणि २०१६ या एका वर्षात त्यापायी गेलेले जीव सुमारे ७,४५,०००.

आता याच माणसाच्या हातात पुस्तक कोणतं पडतं? श्वास मोजा, कृतज्ञतेची वही ठेवा, एक तास आधी उठा. यातलं काही वाईट नाही, मी स्वतः वही ठेवतो. पण कामाच्या तासांबद्दल, वरच्या माणसाबद्दल, नाही म्हणण्याच्या हक्काबद्दल, एकत्र येऊन मागणी करण्याबद्दल त्या तीनशे पानांत एक ओळही नसेल, तर ते पुस्तक अर्धवट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणानं पार गळून जाण्याची, नोंद केली ती व्यक्तीचा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हणून. अमेरिकेत सुमारे ३३,००० कर्मचारी असलेल्या एका साखळी दुकानांच्या कंपनीत निरामयतेचा कार्यक्रम काही शाखांत चिठ्ठ्या टाकून राबवला गेला. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दीड वर्षानंतर लोक आपण व्यायाम आणि वजनाची काळजी घेतो असं जास्त सांगत होते, पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी, औषधोपचारांचा खर्च यांत लक्षणीय फरक नव्हता. तू बदल, म्हणजे सगळं बदलेल, हे सांगणं धीराचं वाटतं. ते ऐकून माणूस झटतो, आणि काही बदललं नाही की स्वतःलाच दोष देतो. पत्रातल्या बाईंसारखा.

तपासलेलं पुस्तक माणसाला खरोखर बरं करू शकतं, याचाही भक्कम पुरावा आहे, आणि माझी आशा त्यावरच टिकून आहे. डेव्हिड बर्न्स यांचं नैराश्यावरचं १९८० सालचं पुस्तक घ्या. फॉरेस्ट स्कोगिन आणि इतरांनी त्याच्या रीतसर चाचण्या घेतल्या. सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या काहींना चार आठवडे ते वाचायला दिलं, काहींना थांबायला सांगितलं. वाचलेले लोक थांबलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. इंग्लंडमध्ये २०१३ पासून तज्ज्ञांनी पारखलेल्या पुस्तकांची यादी सार्वजनिक वाचनालयांत ठेवली जाते आणि डॉक्टर रुग्णाला त्यातलं पुस्तक सुचवू शकतात. म्हणजे पुस्तकाला औषधाइतकं गांभीर्यानं घेणं शक्य आहे.

आणि तपासल्यावाचून भागत नाही. १९७० च्या दशकात जेराल्ड रोझन आणि मॅन्युएल बरेरा सापांची पराकोटीची भीती असलेल्यांसाठी घरी करायच्या कार्यक्रमाची पुस्तिका तपासत होते. पहिल्या चाचणीत निम्म्या लोकांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि त्यांना फायदा झाला. मग त्यांना वाटलं, लोकांनी टिकून राहावं म्हणून स्वतःलाच बक्षीस देण्याचा करार त्यात जोडावा. कल्पना इतकी रास्त की कोणत्याही लेखकानं न तपासता छापली असती. त्यांनी ती तपासली. नव्या पुस्तिकेनुसार कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ५० टक्क्यांवरून शून्यावर आलं. चांगल्या हेतूनं जोडलेल्या एका प्रकरणानं चालणारं पुस्तक निकामी केलं! १९७८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या एका कार्यगटानं अशा पुस्तकांसाठी काही मानकं असावीत असं सुचवलंही होतं. त्याला आता जवळपास अर्धं शतक होत आलं.

चूक कबूल केली की लेखकाची पत जाते, असं मला प्रकाशन व्यवसायात अनेकदा ऐकवलं जातं. डॅनियल कानेमन यांचं उदाहरण मी तेव्हा देतो. नोबेल मिळालेला माणूस. २०११ च्या त्यांच्या पुस्तकात एका प्रकरणात काही प्रयोगांबद्दल त्यांनी लिहिलं होतं की हे निष्कर्ष स्वीकारण्यावाचून वाचकाला गत्यंतर नाही. ते प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकेनात. २०१७ मध्ये कानेमन यांनी जाहीरपणे लिहिलं की मी फार लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर नको इतका विश्वास ठेवला. त्यांची पत गेली नाही, माझ्या लेखी तर वाढली. पण आधी विकल्या गेलेल्या लाखो प्रतींमध्ये जुनं वाक्य तसंच आहे, आणि जी व्यक्ती आज वाचनालयातून ती प्रत घरी नेईल तिला ही कबुली कुठून कळणार?

म्हणून मला प्रत्येक अशा पुस्तकात एक पान हवं आहे. श्रेयनामावलीच्या मागचं पान चालेल. पुस्तकातले मुख्य दावे किती आणि कोणत्या माणसांवर तपासले गेले, हा सल्ला कुणी पाळू नये, मजकूर शेवटचा कधी तपासला, आणि दुरुस्त्या कुठे वाचायला मिळतील, एवढं त्यावर साध्या भाषेत असावं. अनुवादात संदर्भटिपा जागेअभावी गाळण्याची जी पद्धत आहे ती बंद व्हावी, आणि अनुवादकाला दावा खटकला तर विचारण्याचा हक्क करारात असावा. यावर हरकती येतील. छोट्या प्रकाशकाला तपासणी परवडत नाही, ही खरी अडचण आहे, पण सगळं पुस्तक तपासा असं मी म्हणत नाही. मलपृष्ठावर जे वचन छापता तेवढं तरी तपासा. दुसरी हरकत अशी की वाचकाला खात्री हवी असते, शंका नको. हे वाचकाला कमी लेखणं आहे. आजारी माणूस रोज डॉक्टरांकडून ‘बघू या, काहींना गुण येतो’ असं ऐकतो आणि तरी औषध घेतो. थकलेल्या माणसाला ‘कुणाला १८ दिवस लागले, कुणाला कितीतरी महिने लागतील’ असं सांगितलं तर तो कोलमडत नाही. उलट तेविसाव्या दिवशी त्याला चप्पल पायात घालायला एक कारण उरतं.

त्या बाईंना मी उत्तर लिहिलं. चूक माझी होती, मूळ वाक्यात एक शब्द होता आणि तो मी काढला, हे आधी लिहिलं. मग लॅली यांच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, एक-दोन दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडत नाही हेही. प्रकाशकांनाही कळवलं की पुढच्या पुनर्मुद्रणात पान ४१ वर, खालून सहाव्या ओळीत ‘किमान’ हा शब्द परत घाला, आणि मलपृष्ठावरही. त्यांनी विचारलं, एका शब्दासाठी सगळी पानं पुढे सरकणार असतील तर? मी ओळ मोजून पाहिली आहे. ‘किमान’ त्या ओळीत बसतो, पान सरकत नाही.